दोन श्रावणांचं वर्ष

चहाला उकळी येईपर्यंतचा वेळ सगुणाताईंनी तारखांसाठी राखून ठेवला होता. गॅसवर पातेलं चढवायचं, ओट्याच्या कोपऱ्यातली लाल डायरी ओढायची आणि नव्या ओळीवर आजच्या दिवसाची नावं लिहायची. पहिल्या रकान्यात इंग्रजी तारीख. दुसऱ्यात भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी. तिसरा रकाना त्या मोकळा सोडत. चहा पिऊन, पिशवी खांद्याला अडकवून कामाला निघाल्या की मोहल्ल्याच्या तोंडाशी आमनाचाचींचं घर लागे. चाची अंगणात कोंबड्यांना तांदळाची कणी टाकत असत. सगुणाताई अंगणाच्या दगडी गडग्यापाशी थांबत.

"चाची, आज कितवा चांद?"

"सातवा गो. काल सहावा सांगितला, आज काय नववा होईल?"

मग डायरी गडग्यावर ठेवून तिसरा रकाना भरायचा. कॅलेंडरात मुसलमानी तारीखही बारीक अक्षरात छापलेली असते, पण ती त्यांनी कधी उतरवून घेतली नाही. छापणाऱ्यानं चंद्र पाहिलेला नसतो, चाचींनी पाहिलेला असतो, असं त्यांचं म्हणणं.

रोह्याला चिकटून वाढत चाललेल्या वरसे गावात आणि त्याच्या पलीकडच्या दोन वाड्यांत सगुणाताई चौदा वर्षं आशा म्हणून काम करत होत्या. कोण पोटुशी आहे ते सगळ्यांत आधी त्यांना कळायचं, कधी कधी नवऱ्याच्याही आधी. नाव नोंदवायचं, कार्ड करायचं, गोळ्या पोचवायच्या, तपासणीला न्यायचं, आणि कळा लागल्या की कुठल्याही वेळी चपला घालून निघायचं. या सगळ्या कामाच्या मुळाशी एक तारीख असते, शेवटच्या पाळीची. तिच्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की बाळंतपणाचा दिवस निघतो. मिळवणं सोपं. ती तारीख हाती लागणं अवघड, कारण तारीख म्हणून कोणी ती सांगतच नाही.

"भात कापायला काढलं ना, त्याच्या आधीच्या रविवारी."

"पालखी दारात आली तेव्हा मी बाजूला होते. ओवाळता नाय आलं."

"निसर्ग वादळात पत्रे उडाले, त्याच्या तिसऱ्या दिवशी."

"यांची नाइट शिफ्ट लागलेली बघा, तेव्हा."

मोहल्ल्यातली एखादी म्हणे, "तेरा तेजीचा चांद दिसला त्या सांजेला."

यातलं एकही उत्तर मोघम नव्हतं. प्रत्येकीला दिवस पक्का ठाऊक असे, फक्त तो तिच्या मापात असे. त्या मापातून कार्डाच्या मापात आणायचं काम सगुणाताईंचं. भात कापलं म्हणजे कुठलं, हळवं की गरवं? हळवं असेल तर दसऱ्याच्या आगेमागे, गरवं असेल तर थेट दिवाळीनंतर. नाइट शिफ्ट म्हणजे कुठला आठवडा? कंपनीची शिफ्ट आठवड्यानं फिरते, म्हणजे आजच्या शिफ्टपासून बोटांवर मागे मागे जायचं. प्रशिक्षणात त्यांना पुठ्ठ्याची एक गोल चकती मिळाली होती. ती फिरवली की बाळंतपणाची तारीख समोर येई. पण चकतीला हळवं-गरवं कळत नसे. म्हणून ती पिशवीच्या तळाशी असायची आणि लाल डायरी वर.

चाचींची धाकटी सून उमामा. तिचा नवरा जुहेब कतारला. दोन वर्षांनी पंचेचाळीस दिवस घरी. तिचं नाव नोंदवायला सगुणाताई गेल्या तेव्हा ती ओढणी तोंडाला लावून नुसतीच हसत बसली.

"तिला काय विचारतेस?" चाची म्हणाल्या. "आमच्याकडं पोराचा हिशोब विमानाच्या तिकिटावर. जुहेब बारा तारखेला उडाला. त्याच्या अलीकडचं काय ते धर."

सगुणाताईंनी खरोखरच तिकिटाचा फोटो मोबाइलवर मागवून घेतला, उमामाला आत नेऊन चार प्रश्न विचारले आणि दिवस काढला. जिकरा जन्मली ती त्या दिवसाच्या आदल्या दुपारी. तेव्हापासून मोहल्ल्यात सगुणाताईंची तारीख म्हणजे दगडावरची रेघ.

चांद्रमहिने चाचींनीच त्यांना शिकवले होते. दुपारी, भिजवलेले वाल सोलता सोलता. मोहरम, तेरा तेजी, बारा वफात, ग्यारवी अशी नावं बोटाच्या पेरांवर सरकत जात. एका महिन्याचं नाव खाली. "त्यात लग्न नाय, काय नाय. मोकळाच जातो. म्हणून खाली." आणि मग वर्षाची गोष्ट. "आमचा वरीस तुमच्या इंग्रजीपेक्षा अकरा दिवस आखूड. म्हणून रोजे कधी थंडीत येतात, कधी उन्हात. सगळे मोसम बघून येतात."

"मग तुमची वयं पण लवकर वाढत असतील."

"व्हय तर. इंग्रजीनं मी छासष्ट, चांदानं अडुसष्ट. आधार कार्डानं एकाहत्तर. तुला आवडंल तो घे."

हिंदू महिनेही चंद्राचेच. तेही असेच ऋतूंपासून सुटत जातील, म्हणून तीनेक वर्षांनी एक महिना जास्तीचा घालून त्यांना पुन्हा जागेवर आणतात. अधिक महिना, घरोघरी त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला जेवायला बोलवायचं, तेहतीस अनारसे द्यायचे. दोन हजार तेवीस साली हा जास्तीचा महिना श्रावणाच्या आधी आला आणि त्याचंही नाव श्रावणच. अठरा जुलैला अधिक श्रावण लागला, सतरा ऑगस्टला नेहमीचा. सणवार सगळे दुसऱ्यात. डायरीच्या मागच्या पानावर सगुणाताई दर जानेवारीत वर्षाचा तक्ता काढत. त्या वर्षीही काढला होता, दोन्ही श्रावण एकाखाली एक, पट्टीनं रेघा ओढून. तक्त्यात चूक नव्हती.

त्या वर्षी मे महिन्यात मनाली लग्न होऊन वाडीत आली. माहेर पेणजवळ, धरमतरच्या खाडीकाठचं. नवरा अक्षय डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर, शिफ्टप्रमाणे ये-जा करणारा. सासरे गुणाजी आणि सासू सरू, दोघं शेतीतली. भात निघालं की त्याच जमिनीत वाल. मनाली दिवाळीला माहेरी गेली ती महिनाभर राहिली. परत आली तेव्हा सरूवहिनींनी सगुणाताईंना निरोप धाडला. पहिले तीन महिने सांगायचे नसतात, ते संपले होते.

डिसेंबरच्या मध्यावरची सकाळ होती. गुणाजी ओटीवर कोयत्याला मूठ बसवत होते. आतल्या खोलीत मनाली खाली बघत बसली होती. दार उघडंच.

"शेवटची पाळी कधीची गो?"

मनालीनं ओटीकडं एक नजर टाकली आणि आवाज अगदी बारीक केला. "श्रावणातला पयला सोमवार. देवळात जायचं होतं. नाय जाता आलं."

एवढंच. सासरे चार हातांवर असताना याहून जास्त ती बोलणार नव्हती. सगुणाताईंनी मागचं पान उघडलं, बोट श्रावणावर ठेवलं, तिथून पहिल्या सोमवारावर नेलं. चोवीस जुलै. कार्डावर लिहिलं. नऊ महिने, सात दिवस.

"एक मे," त्या म्हणाल्या.

"म्हंजे महाराष्ट्र दिनाचा," सरूवहिनी हरखल्या.

ओटीवरून आवाज आला, "बरं हाय. वाढदिवसाला कायम सुट्टी."

सगळी हसली. निघताना सगुणाताईंनी मनालीच्या पोटाकडं एकदा पाहिलं. पाचव्या महिन्याच्या मानानं लहान वाटलं. पहिलटकरणीचं लहानच असतं, असं मनाशी म्हणून त्यांनी चपला घातल्या.

दोनच दिवसांनी सरूवहिनी मनालीला रोह्यात सोनोग्राफीला घेऊन गेल्या. तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी पडद्याकडं बराच वेळ बघितलं, मग कार्डाकडं, मग पुन्हा पडद्याकडं.

"तारीख नक्की आहे ना?"

"आमच्या आशाताईंनी लिहिलीय," सरूवहिनी म्हणाल्या. "त्यांची तारीख चुकत नाय."

"मग एकवीस आठवडे हवेत. मला सतराचं दिसतंय. ठोके चांगले आहेत, घाबरू नका. पण तारीख बरोबर असेल तर वाढ मागे पडलीय. दोन आठवड्यांनी परत या. तेव्हाही असंच असलं तर मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात दाखवावं लागेल."

घाबरू नका म्हटल्यावर जे होतं तेच झालं. दुसऱ्या दिवशी सगुणाताई वाडीत पोचल्या तेव्हा सरूवहिनी अंगणातच भेटल्या. सकाळपासून त्यांनी मनालीपुढं दूध ठेवलं होतं, उकडलेली अंडी ठेवली होती, नाचणीची पेज ठेवली होती. सगळं तसंच झाकलेलं. अक्षय शिफ्ट सोडून घरी आला होता आणि मोबाइलवर मुंबईच्या हॉस्पिटलांचे नंबर शोधत होता. मनाली भिंतीला टेकून बसली होती.

"ताई," तिनं विचारलं, "ते आत सुकतंय का?"

सगुणाताईंनी मनालीचा हात हातात घेतला, पेज थोडी गरम करून आणली, चार घोट पाजले. मग बाहेर येऊन वहिनींना म्हणाल्या, "उद्या येते." कशासाठी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

सकाळी डायरीत दोन रकाने भरले. गडग्यापाशी थांबल्या आणि नेहमीचा प्रश्न विचारायला विसरल्या. चाचींनी कोंबड्यांची वाटी खाली ठेवली.

"काय झालं गो? तोंड असं का?"

सगुणाताईंनी सांगितलं. दुसऱ्या कुणापाशी बाईच्या पोटाची गोष्ट त्या कधी बोलत नसत, पण चाचींना कार्डावरची नावं आधीच ठाऊक असायची. चाचींनी सगळं ऐकून घेतलं.

"श्रावणाचा पयला सोमवार म्हंजे तू कधी धरलास?"

"चोवीस जुलै."

"तेव्हा मोहरम लागलेला. चौथा-पाचवा चांद असंल." चाचींनी अंगठा पेरांवर ठेवला. "आता मला सांग, यंदा बारा वफात नि तुमचे गणपती उठले एकाच दिवशी. म्हणून आमच्या पोरांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. आठवतं?"

"आठवतं."

"मोहरमच्या पाचव्यापासून बारा वफातपर्यंत दोन अख्खे चांद जातात, वर सात दिवस. दरसाल तेवढेच. आणि तुमच्या श्रावणाच्या पयल्या सोमवारापासून गणपती उठेपर्यंत किती?"

"एक महिना... सव्वा महिना."

"मग मधला एक चांद गेला कुठं?" चाचींनी हात झटकला. "आमच्यात कोण चांद मधी घुसवत नाय गो. तुम्हीच घुसवता. तुझ्या श्रावणात बघ."

सगुणाताईंनी गडग्यावर डायरी उघडली. मागचं पान. पट्टीनं ओढलेल्या रेघा. वरचा श्रावण, खालचा श्रावण. त्या दिवशी बोट वरच्यावर गेलं होतं आणि तिथंच थांबलं होतं. खालच्या श्रावणातला पहिला सोमवार एकवीस ऑगस्टला होता. दोन सोमवारांत अठ्ठावीस दिवस. चार आठवडे, एकही दिवस कमी नाही, जास्त नाही. एकविसातून सतरा वजा केले की उरतात तेवढेच.

त्या तिथंच उभ्या राहिल्या. इतकी वर्षं आपली तारीख बरोबर निघावी म्हणून त्यांनी जीव ओतला होता. आज ती चुकलेली असावी, असं त्यांना वाटत होतं. इतकं वाटत होतं की त्या वाटण्याचीच भीती वाटली. चार आठवडे जुळतात म्हणून कार्ड खोडता येत नाही. मनालीला कुठला सोमवार म्हणायचा होता ते मनालीच सांगू शकणार होती, आणि तेही तिच्या तोंडात आपण शब्द न घालता. डॉक्टरबाईंचं म्हणणं खरं असेल आणि आपण तारीख बदलून ते झाकलं, तर?

"आज कितवा चांद ते विचारलं नायस," चाची मागून म्हणाल्या.

"येताना विचारते."

वाडीत शिरताच त्यांनी पहिलं काम केलं ते गुणाजींना बाहेर पाठवायचं. "भाऊ, वालाला पाणी बघून या जरा." गुणाजींनी एकदा बायकोकडं, एकदा सगुणाताईंकडं बघितलं आणि मुकाट टोपी घेतली. अक्षयही बापाबरोबर गेला. सगुणाताई मनालीला परसात घेऊन गेल्या, पेरूच्या झाडाखाली दगडावर बसवलं. सरूवहिनी मागोमाग आल्या आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या.

"मनाली, तो सोमवार आठव. देवळात जाता आलं नाय तो. त्या दिवशी घरात काय शिजलं होतं?"

मनालीला प्रश्नाचं नवल वाटलं असावं. तिनं सासूकडं बघितलं.

"त्यांच्याकडं बघू नको, माझ्याकडं बघ. तू काय खाल्लंस त्या दिवशी?"

"पातोळ्या," मनाली म्हणाली, आणि एकदा शब्द सुटल्यावर मागचे आपोआप आले. "हळदीची पानं इथूनच काढलेली, त्या कोपऱ्यातून. मी बाजूला ना, मग आईंनी हात नाय लावू दिला. लग्नानंतरचं पयलं वर्ष, मला वाटलेलं माझ्या हातच्या करीन. लांब बसून नुसत्या बघितल्या. यांना चार जास्त वाढल्या, मला तीनच."

"तीन कुठं, पाच दिल्या होत्या गो तुला!" सरूवहिनी दारातून म्हणाल्या.

"वहिनी," सगुणाताईंनी मान न वळवता विचारलं, "तुमच्याकडं पातोळ्या कधी करतात?"

"कधी म्हंजे? नागपंचमीला. दुसऱ्या कधी करतात?"

"धोंड्याच्या महिन्यात नाय केल्या?"

"धोंड्याच्या महिन्यात हळद असते केवढी? पान बोटाएवढं पण नसतं, त्यात पातोळी कुठली गुंडाळणार? आणि त्यात कसली नागपंचमी? नागपंचमी आपली नेहमीच्या..."



सगुणाताई उठल्या, घरात गेल्या आणि खिळ्यावरचं कॅलेंडर काढून परसात घेऊन आल्या. ऑगस्टचं पान. नागपंचमी, सोमवार, एकवीस. त्यांनी ते पान आधी मनालीपुढं धरलं, मग सरूवहिनींपुढं.

"मला पण वाटत होतं," मनाली हळूच म्हणाली, "की रक्षाबंधनाच्या आधीचा आठवडा. पण कार्डावर तुम्ही जुलै लिहिलंत. म्हटलं, तुम्हांला जास्त कळतं."

हे वाक्य सगुणाताईंच्या मनात पुष्कळ दिवस राहिलं. त्या क्षणी त्या एवढंच म्हणाल्या, "मी चुकले गो. तुझं बाळ आपल्या वेळेवर आहे. मीच त्याला चार आठवडे उगाच मोठं केलं."

सरूवहिनी उंबऱ्यावर बसल्या. रडतील असं वाटलं, पण त्यांना आला तो राग.

"दोन दिस पोरगी जेवली नाय!"

"व्हय."

"पोरानं दोन हजेऱ्या बुडवल्या!"

"व्हय वहिनी."

"मी देवाला काय काय बोलले सांगू? पाच नवस केले, पाच!"

"ते आता तुम्हांलाच फेडायला लागतील," सगुणाताई म्हणाल्या, आणि मनाली हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. तिचं हसू बघून सरूवहिनींचा राग गळाला. त्या उठल्या आणि चुलीकडं गेल्या. थोड्या वेळानं आतून अंडी फोडल्याचा आवाज आला.

दुपारी तिघी डॉक्टरबाईंकडं गेल्या. बाहेरच्या बाकावर सात-आठ बायका नंबर लावून होत्या. दार अर्धवट उघडं होतं आणि आतलं सगळं बाहेर ऐकू येत होतं. सगुणाताईंनी आवाज लहान केला नाही. "तारीख मी चुकीची लिहिली. अधिक श्रावण धरला, धरायचा होता दुसरा." डॉक्टरबाईंनी कागदावर आकडेमोड केली. म्हणाल्या, "मग सतरा आठवडे, तंतोतंत. पण दोन आठवड्यांनी याच. बाळालाच विचारू." त्या पंधरा दिवसांत मनाली सगळं जेवली, तरी सगुणाताईंचा घास मात्र मोजूनमापूनच उतरत होता. दोन आठवड्यांनी बाळ बरोबर दोन आठवड्यांनी वाढलेलं होतं. तेव्हा कुठं त्या घरी येऊन पोटभर जेवल्या.

कार्डावर खाडाखोड करता येत नाही. एक आडवी रेघ, वर नवी तारीख, बाजूला सही. उपकेंद्रातल्या सिस्टरनी संगणकावर नोंद बदलायला घेतली तेव्हा तिथं कारणांची यादी उघडली. त्यात अधिक महिना नव्हता. "इतर" लिहिलेल्या ठिकाणी त्यांनी टिचकी मारली.

गोष्ट चार दिवसांत सगळीकडं झाली. सगुणाताईंना वाटलं होतं की आता बायका त्यांच्यापाशी दिवस सांगताना कचरतील. झालं उलटंच. पूर्वी एका वाक्यात उत्तर देऊन खाली बघणाऱ्या बायका आता सविस्तर सांगू लागल्या. त्या दिवशी कोण पाहुणं आलं होतं, भाजी कुठली होती, पाण्याची मोटर कशी बंद पडली होती. कारण सगुणाताई आता तारीख लिहून झाली तरी पेनचं टोपण लावत नसत. "बरं, आणि शिजलं काय होतं?" हा प्रश्न ठरलेला. पोरी हसत. पण प्रश्नाचं उत्तर प्रत्येकीकडं असे. तारीख विसरणारी बाई त्या दिवसाचं कालवण विसरत नाही. आणि लिहिलेली तारीख त्या मोठ्यानं वाचून दाखवत, मग विचारत, "तुला काय वाटतं? पटतंय?" हा प्रश्न त्यांनी मनालीमुळं घेतला होता.

अठ्ठावीस मे उजाडला तशी सरूवहिनींनी पिशवी भरून दारात ठेवली. काहीच झालं नाही. एकोणतीसलाही नाही. सरूवहिनी निवांत होत्या. "नऊ महिने नऊ दिवस असतात ताई. सात कुणी सांगितले तुम्हांला?"

"सरकारनं."

"सरकारला झालंय का पोर कधी?"

मुलगी झाली तीस मेला, सकाळी, रोह्यात. दोन किलो आठशे. ऑगस्टच्या एकविसापासून मोजलं तर नऊ महिने आणि बरोबर नऊ दिवस. सरूवहिनींनी ही गोष्ट दवाखान्यातल्या प्रत्येक खाटेपाशी जाऊन सांगितली. गुणाजी म्हणाले, "सुट्टी गेली पोरीची." आमनाचाचींनी बातमी ऐकली आणि पेरांवर अंगठा फिरवून खालीचा एकविसावा चांद असल्याचं जाहीर केलं. "बघ, खाली महिना पण कधी कधी भरून जातो."

पुढं सगुणाताईंच्या घरभेटी. तिसरा दिवस, सातवा, चौदावा, मग आठवड्याआठवड्यानं. बेचाळिसाव्या दिवशी शेवटची. पण बाळंतीण घराबाहेर कधी पडणार, यावर मधल्या काळात मोठी चर्चा झाली. सरूवहिनींचा सव्वा महिना, म्हणजे साडेसदतीस दिवस. तो अर्धा दिवस सकाळी धरायचा की संध्याकाळी, हे गुणाजींनी विचारून बघितलं आणि लाटणं दाखवल्यावर गप्प झाले. चाचींच्या हिशोबानं चाळीस दिवस. सरकारचे बेचाळीस. सगुणाताईंनी तिन्ही आकडे ऐकून घेतले आणि निकाल दिला: सदतिसाव्या दिवशी ओटीवर, चाळिसाव्याला अंगणात, बेचाळिसाव्याला रस्त्यावर. तिन्ही बाजूंचा मान राहिला.

बेचाळिसाव्या दिवशी त्या आल्या तेव्हा जुलैचा दुसरा आठवडा होता. लावणी चालू होती, घरात सरूवहिनी आणि मनालीच. सगुणाताईंनी हात धुतले, पिशवीतला झोळीचा काटा आढ्याच्या हुकाला अडकवला आणि मुलीला झोळीत ठेवलं. काटा हलला, थांबला. चार किलो शंभर. मुलीनं एवढ्यात झोळी ओली केली.

"शंभरातले पन्नास गेले," सरूवहिनी म्हणाल्या.

"जाऊ देत. चार लिहिते. मला खोडायची सवय आहे आता."

फॉर्म भरून झाला. नाळेची जागा कोरडी, डोळे स्वच्छ, दूध पितं, आईला ताप नाही. शेवटच्या चौकटीत टिक केली आणि मनालीची सही घेतली. मनालीनं सहीखाली तारीख टाकायला पेन थांबवलं, कॅलेंडराकडं बघितलं आणि स्वतःच लिहिली. सगुणाताईंनी ती तपासली नाही.

"म्हंजे आता तुम्ही येणार नाय?" मनालीनं विचारलं.

"घरी नाय. बुधवारी लसीला तूच यायचंस, हिला घेऊन. दीड महिन्याची लस, तीन टोचण्या. रडेल. ताप येईल थोडा. घाबरायचं नाय."

सरूवहिनींनी चहा पुढं केला. तो उभ्या उभ्या पिऊन त्यांनी काटा पुसला, गुंडाळला, पिशवीत घातला. ओटीच्या पायरीवर छत्री उघडली. मनाली मुलीला खांद्यावर घेऊन दारापर्यंत आली होती. सगुणाताई अंगणाच्या मध्यावर गेल्या आणि मागं वळल्या.

"आणि तिचं झबलं उलटं घालत जा गो. शिवण टोचते तिला."